नरहरभाऊची झडती

भीमरथी शांतीचा होम किती वाजता पेटवायचा, भटजी वणीचे बोलवायचे की इथलेच, पंगतीत भरली वांगी ठेवायची की नाही, हे सगळं राजूरकरांच्या घरात एका चहात ठरलं. अडलं ते संध्याकाळच्या कार्यक्रमावर. सत्तरी गाठलेले नरहर राजूरकर हे पाटबंधारे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क, आणि त्याआधी, फार आधी, दीडेक वर्षापुरते, यवतमाळ जिल्ह्यातले पहिले रॉक गायक. 'पहिले' हे ते स्वतःच सांगत. दुसरा कोणी झालाच नाही, त्यामुळे खोडून काढायलाही कोणी नव्हतं.

या घराण्यात संगीताची परंपरा होती. परंपरा अशी, की बापाला नकोसं वाटेल ते वाद्य मुलानं हातात घ्यायचं. नरहररावांचे वडील अण्णा कोर्टात नाझर होते आणि नाट्यसंगीतावर जीव टाकत, म्हणून त्यांच्या वडिलांनी त्यांची पेटी माळ्यावर टाकली होती. पुढे त्याच अण्णांनी नरहरच्या गिटारीला 'खाटेची सुंभ तुटल्याचा आवाज' असं नाव दिलं. नरहरनं हौसेनं मुलाचं नाव स्वानंद ठेवलं, तर मुलगा रॉकला पाठ दाखवून भावगीतांत शिरला आणि 'स्वरगंध' मंडळाचा अध्यक्ष होऊन बसला. आणि स्वानंदचा मुलगा अभिषेक पुण्याला इंजिनिअरिंग करता करता रॅप करू लागला. चार पिढ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. खरं संगीत आपल्या तरुणपणी होतं, पुढे ते बिघडलं.

"संध्याकाळी दोन तास निवडक भावगीतं," स्वानंद म्हणाला. "निवेदन मी करतो. पाहुण्यांत प्राचार्य आहेत, डॉक्टर आहेत. लोकांना शांत वाटलं पाहिजे."

"शांत वाटायला मी मेलो नाही अजून," नरहरराव म्हणाले.

"आजोबा, मी काय म्हणतो, तुमची एंट्री माझ्या बीटवर घेऊ," अभिषेक मोबाइलवरून डोकं न उचलता म्हणाला. "मागे तुमचा जुना फोटो. लांब केसवाला. खाली लिहायचं, द लीजंड."

"याला गाणं म्हणायचं तर दवंडीवाल्यालाही पंडित म्हणा," स्वानंद म्हणाला.

सुहासिनीबाई दिवाणावर बसून होमासाठी वाती वळत होत्या. या भांडणात त्या कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या. त्यांना स्वतःला काय ऐकायला आवडतं, हे सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनाही ते एव्हाना नीट आठवत नव्हतं.

नरहररावांनी दोन्ही हात वर केले. कचेरीत गोंधळ झाला की ते असेच हात वर करत.

"कार्यक्रम एकच होईल. 'ओ माय शकुंतला' होईल. गिटार मी वाजवीन, ड्रम किसन वाजवेल."

'ओ माय शकुंतला' हे नरहररावांनी रचलेलं एकमेव गाणं. इंग्रजीत होतं आणि यवतमाळहून मूर्तिजापूरला रडतखडत जाणाऱ्या 'शकुंतला' नावाच्या छोट्या आगगाडीवर होतं. लग्नानंतर महिनाभर सुहासिनीबाई ही शकुंतला कोण म्हणून कुढत होत्या, ते वेगळं. पण आता त्यांच्या हातातली वात गळून पडली ती गाण्यामुळे नाही, किसनच्या नावामुळे.

"किसनराव तुमच्याशी बोलत तरी आहेत का?" त्या म्हणाल्या.

"नाही बोलत. म्हणून तर परवा जाणार आहे धामणबोरीला. अक्षत घेऊन. परवा पोळा आहे, सुहास. पोळ्याच्या दिवशी दारी आलेल्या माणसाला धामणबोरीत कोणी परत पाठवत नाही. बैल घेऊन आलेल्यालाही नाही, अक्षत घेऊन आलेल्यालाही नाही."

"पोळ्यालाच कशाला? दुसऱ्या दिवशी जा. तान्ह्या पोळ्याला."

"दुसऱ्या दिवशी तो हाकलून देईल," नरहरराव म्हणाले. अनुभवी कारकुनाला नियम नेमका कुठल्या तारखेपर्यंत लागू असतो ते बरोबर कळतं.

सुहासिनीबाई वाती तशाच टाकून उठल्या.

किसनराव आणि नरहर एका होस्टेलच्या खोलीत राहिले होते. किसन मारेगावकडचा, धामणबोरीच्या कास्तकाराचा मुलगा. ढोलावर हात असा की नरहरनं कुठून तरी जुना ड्रम मिळवून त्याच्यापुढे ठेवला आणि 'द थंडर फोर' नावाचा बँड काढला. मेंबर तीन. चौथा वणीहून येणार होता, तो आलाच नाही. तिसऱ्याला भिलाईला नोकरी लागली. तेवढ्या काळात दोन गणपती आणि एक कॉलेजचं गॅदरिंग झालं, आणि शेवटचा कार्यक्रम खुद्द किसनच्या लग्नात. वरात आली होती, गॅसबत्त्या लागल्या होत्या, मांडवाला लागून कापसानं शिगोशीग भरलेली गाडी दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी उभी होती. नरहरनं नागपुरात एका इंग्रजी मासिकात फोटो पाहिला होता. परदेशातला कोणी मोठा गवई स्टेजवर आपली गिटार पेटवतो आणि लोक वेडे होतात. त्या गवयाच्या आजूबाजूला कापूस नव्हता, हे फोटोतून कळत नव्हतं. नरहरनं गॅसबत्तीचं रॉकेल गिटारीवर ओतलं आणि काडी ओढली.

मांडव गेला, गाडी गेली. माणसं वाचली, बैल वाचले. त्याच रात्री कोणीतरी नरहरला शेवटच्या एसटीत कोंबलं, आणि तेव्हापासून दोघं बोलले नव्हते. महिन्याभरात अण्णांनी चिकटवलेल्या नोकरीवर तो हजर झाला आणि छत्तीस वर्षं कालव्यांच्या फायली वर-खाली करत राहिला. पण त्या रात्रीबद्दल त्याची एक समजूत होती. काडी ओढण्याआधी त्यानं जे वाजवलं, ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं होतं. धामणबोरीचे लोक आगीवर चिडले असतील, पण वाजवलेलं विसरले नसतील. 'काय वाजवलं होतं बुवा त्या पोरानं,' असं कुठल्या तरी ओट्यावर अजूनही निघत असेल. साहेब अंगावर ओरडले, बढती हुकली, की तो माणूस याच्यावर तग धरायचा, हे सुहासिनीबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि त्यांना माहीत होतं की असं काहीही निघत नाही. निघतं ते वेगळंच.

बावीस वर्षांपूर्वी डोळ्यांच्या शिबिरात सासूबाईंना घेऊन गेल्या, तेव्हा शेजारच्या खाटेपाशी एक बाई होती. तीही आपल्या सासूला घेऊन आली होती. नाव-गाव विचारता विचारता ती थबकली आणि म्हणाली, "म्हंजे तुमी त्या गितारवाल्याच्या घरच्या?" ती किसनरावांची बायको इंदूबाई. तिनं तिथेच वऱ्हांड्यात, पदर तोंडाला लावून हसत हसत, नरहरभाऊची झडती म्हणून दाखवली. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की गावचे गडी तालात एकमेकांवर, सावकारावर, सरकारवर शेरे मारतात, त्या झडत्या. धामणबोरीत दरवर्षी शेवटची झडती नरहरभाऊची. ती झाल्याशिवाय तोरण तुटत नाही आणि पोळा फुटत नाही.

तेव्हापासून दोघी बायकांचं नवऱ्यांच्या मागे गुपचूप सूत जमलं. इकडून लिंबाचं लोणचं जायचं, तिकडून तुरीची डाळ यायची. आणि नरहररावांनी पोळ्याला धामणबोरीचं नाव काढलं, की सुहासिनीबाईंचे गुडघे दुखायचे, नाहीतर पाहुणे यायचे, नाहीतर गॅस संपायचा.

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सुनेला सगळं सांगितलं. सुनेचं नाव भैरवी, पण सुरांशी तिची दूरची सोयरीकही नव्हती, आणि त्यामुळे घरातलं ते एकच शहाणं माणूस होतं.

"ऐकतील तर मोडतील गं ते. सत्तराव्या वर्षी काय राहिलं त्यांच्याजवळ? तेवढंच आहे."

भैरवीनं हे कोणाला सांगायचं नाही असं कबूल केलं आणि पोळ्याच्या आदल्या रात्री फक्त स्वानंदला सांगितलं. सकाळी स्वानंद लाल होऊन आईपुढे उभा.

"आई, ही बदनामी आहे! आपल्या घराण्याचं नाव कापसाच्या आगीशी जोडून दरवर्षी गावभर?"

"हळू बोल."

"मी गाडीचा क्लच बिघडला म्हणून सांगतो."

भावगीतांचा अध्यक्ष पहिल्यांदाच बापाच्या रॉकची अब्रू वाचवायला उभा राहिला होता. पण नरहररावांनी क्लचचं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मग मी एसटीनं जातो. अभिषेक येईल सोबत." अभिषेकनं बूटही घातले होते. दोघं एकटे गेले तर धरायला कोणी नाही, म्हणून मग क्लच आपोआप दुरुस्त झाला आणि पाचही जण निघाले. सुहासिनीबाईंनी निघण्याआधी बाथरूममध्ये जाऊन इंदूबाईला फोन लावला.

"इंदूबाई, यंदा ती म्हणू नका म्हणावं. हात जोडते."

"बाई, ते मायाच्यानं कसं थांबन? ते आता गावाचं हाये," इंदूबाई तिकडून म्हणाली. "आमच्या गोपालले सांगून पाहते. मुख्य तोच म्हनते. तुमी आले की मी भाऊले जेवाले बसवते, पोळा फुटेपर्यंत उठूच देत नाई. पाच पुरनपोळ्या वाढते."

धामणबोरीच्या वाटेवर दोन्हीकडे पऱ्हाटी उभी होती. हिरवीगार दिसत होती, पण दोन वर्षांपूर्वी अशाच हिरव्यागार पऱ्हाटीच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली होती आणि लोकांनी उभ्या पिकात नांगर घातले होते. नरहररावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मांडीवर बोटांनी काहीतरी वाजवत होते.

इंदूबाईचा बेत पहिल्याच पायरीवर फसला. किसनराव घरी नव्हते, बैल घेऊन आखरावर, गुरं जमायच्या पटांगणावर, गेले होते. नरहरराव पाटावर बसलेच नाहीत.

"वहिनी, आधी किसन, मग जेवण."

"भाऊ, एवढ्या वर्सांनी आले, एक तरी पोळी..."

"एक नाही, दहा खाईन. येऊन."

इंदूबाईनं सुहासिनीबाईंकडे पाहिलं आणि खांदे उडवले. मग दोघीही पदर खोचून मागोमाग निघाल्या.

आखरावर गाव लोटला होता. बैलांना झुली होत्या, शिंगांना बेगड होता, कपाळाला बाशिंगं होती. बैल कमी झाले होते, म्हणून शेवटी दोन ट्रॅक्टरही उभे केले होते, त्यांनाही झेंडूच्या माळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. तोरणाखाली एक काटक म्हातारा बैलाची झूल सारखी करत होता.

"किसन," नरहरराव म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. "कोन हाये?"

"मी. नरहर."

किसनरावांनी झुलीची गाठ नीट मारली, बैलाच्या मानेवर थाप दिली आणि मग विचारलं, "आग आनली का सोबत?"

नरहररावांनी अक्षतांची पुडी पुढे केली. "शांत आहे माझी. सत्तरीची. तू ये. नुसता येऊ नको, वाजवायला ये. पोळ्याच्या दिवशी दारी आलेल्या माणसाला..."

"हे दार नोय, आखर हाये," किसनराव म्हणाले. "दारावर गेल्यावर बोलू. आता झडत्या होऊन राह्यल्या, चूप उभा राय."

कायद्यात अशी पळवाट असेल हे हेडक्लार्कच्याही लक्षात आलं नव्हतं. ते बाजूला उभे राहिले. सुहासिनीबाई त्यांच्या एका बाजूला आणि स्वानंद दुसऱ्या बाजूला, चोर धरल्यासारखे.

झडत्या सुरू झाल्या. किसनरावांचा मुलगा गोपाल एका गटाचा पुढारी होता. त्यानं बियाण्याच्या दुकानदाराला धुतलं, कर्जमाफीसाठी अंगठा न घेणाऱ्या मशीनला धुतलं. प्रत्येक झडतीवर गाव 'हर हर महादेव' म्हणून गरजत होतं. अभिषेक मोबाइल वर धरून नाचत होता.

"आजी, हे तर रॅपच आहे! फ्लो बघ ना!"

गोपालनं ते ऐकलं. "पुन्याचे पावने, तुमी म्हना की एखांदी!"

अभिषेक पुढे झाला आणि त्यानं आपलं गाणं म्हटलं. शहर, एकटेपण, सिस्टीम, अंधार, असं बरंच काही त्यात होतं. गावानं पाहुण्याचा मान राखून शेवटपर्यंत ऐकलं. मग बैलामागून कोणीतरी म्हणालं, "आवाज बरा हाये. काय म्हनला ते उद्या कोनाले तरी इचारून घेऊ." गाव हसलं. अभिषेक कानापर्यंत लाल झाला. स्वानंदला आयुष्यात पहिल्यांदा धामणबोरी आवडली.

गोपालच्या झडत्या संपत आल्या. सुहासिनीबाईंचं लक्ष फक्त त्याच्या तोंडाकडे होतं. त्यानं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, उपरण्यानं घाम पुसला आणि म्हणाला, "चला, झालं. तोडा तोरन."

सुहासिनीबाई नवऱ्याला घराकडे वळवू लागल्या.

"असं कसं झालं?" ओट्यावरून रुक्माबाई ओरडली. ती गावातली सगळ्यात म्हातारी बाई होती. "नरहरभाऊची राह्यली की रे!"

"नरहरभाऊची! नरहरभाऊची!" गाव ओरडलं. गोपाल हात हलवून 'नको, नको' म्हणत राहिला, पण त्याला कोण विचारतो? बायकांनी, पोरांनी, ट्रॅक्टरवर बसलेल्यांनी आपली आपणच सुरुवात केली.

"आला आला शहरातून लांब केसाचा पोट्टा,
गळ्यात बांधून आनला त्यानं लाकडाचा सोटा!
वाजवून वाजवून थकला, कोनी देईना दाद,
काडी लावून म्हने मंग, पाहा आता नाद!
गितार जळली, मांडव जळला, जळली कापूसगाडी,
नवरीले सोडून नवरदेवानं इहिरीत मारली उडी!"

'हर हर महादेव' झालं. पण संपलं नव्हतं. मागच्या वर्षी त्यात नवी ओळ पडली होती, ती गावानं आणखी जोरात म्हटली.

"नरहरभाऊनं गाडी जाळली, जगात नाव झालं,
अळीनं तं वावर खाल्लं, कोनं काय केलं?"

या ओळीवर कोणी हसलं नाही. नुसतीच आरोळी उठली, आणि ती बराच वेळ आखरावर फिरत राहिली.

सुहासिनीबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता. त्यांच्याकडे पाहायची हिंमत होत नव्हती. इतक्यात स्वानंद पुढे सरसावला.

"हे थांबवा! ज्यांच्याबद्दल तुम्ही बोलताय ते इथे उभे आहेत! ही बदनामी आहे!"

भैरवीनं त्याचा सदरा मागून ओढला, पण उशीर झाला होता. सगळा आखर वळून पाहू लागला. माणसं टाचा उंच करू लागली. पोरं बैलांच्या पोटाखालून पुढे आली. नरहरभाऊ खरंच असतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

"हाच का तो?" रुक्माबाई ओट्यावरून उतरून काठी टेकत जवळ आली आणि तिनं नरहररावांच्या टकलाकडे निरखून पाहिलं. "केसं कुठं गेले, बापा?"

नरहररावांचा चेहरा पांढरा पडला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "गाणं कोणतं होतं? आठवतं का कोणाला? काडी लावायच्या आधी मी जे वाजवलं ते?"

म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले.

"इंग्रजी होतं," रुक्माबाई शेवटी म्हणाली. "खोकल्यावानी."

झालं, सुहासिनीबाईंना वाटलं. इतकी वर्षं जे टाळलं ते भर आखरावर, सगळ्यांच्या देखत झालं. त्यांना रडू यायला लागलं आणि त्यांनी ते थांबवलंही नाही.

नरहररावांनी अक्षतांची पुडी खिशात ठेवली. मग त्यांनी वर पाहिलं.

"एक चूक आहे तुमच्या झडतीत," ते म्हणाले.

"बाबा, चला," स्वानंद म्हणाला.

"थांब रे! नवरदेव नवरीला सोडून पळाला नव्हता. त्याचं धोतर पेटलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला त्यानं आधी ओट्यावर ढकललं आणि मग उडी मारली. भिऊन नाही मारली."

किसनरावांच्या हातातली वेसण सुटली. ते बैल तिथेच सोडून दोन ढांगांत नरहररावांपुढे आले.

"आता सांगून राह्यला बे हे?" त्यांचा आवाज फाटला. "कापूस जळला त्याचं मले काई नाई. पुढच्या साली पुन्हा पिकला. पन अठ्ठेचाळीस वर्सं मी दर पोळ्याले इहिरीत उडी मारून राह्यलो! माया पोट्ट्यायच्या तोंडून! नातवायच्या तोंडून! किती सांगतलं, धोतर पेटलं होतं, धोतर पेटलं होतं. कोनी खरं मानत नोतं. बायकोची साक्ष कोन धरते? दुसरा पाहनारा तू एकटा होता, आन तू गेलता एसटीत बसून!"

"मला कोंबलं होतं एसटीत."

"मंग दुसऱ्या एसटीनं याले काय झालं होतं?"

नरहरराव म्हणाले, "लाज वाटत होती, किसन." अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांनी हे कोणापुढेही म्हटलं नव्हतं.

किसनराव गावाकडे वळले. "ऐकलं का सारेजन? धोतर पेटलं होतं!"

"ऐकलं!" गाव म्हणालं.

"मंग काढा ते झडतीतून!"

"काढता कसं येईन, बाबा?" गोपाल डोकं खाजवत म्हणाला. "जोडता येते." आणि त्यानं उभ्या उभ्या जोडलं.

"भिऊन नाई मारली उडी, गाव म्हनते खोटं,
धोतर पेटलं नवरदेवाचं, उघडं पडलं मोठं!"

पुढचं 'हर हर महादेव' इतकं मोठं झालं की एक गोऱ्हा तोरणाखालून निसटला. किसनराव डोक्याला हात लावून मटकन खाली बसले. "आता धोतरई गेलं," ते म्हणाले. इंदूबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. तिच्या लग्नाची गोष्ट अख्ख्या गावाला पाठ होती, आणि तिला त्याचं कधी दुःख नव्हतं.

"आजोबा, हा तर डिस ट्रॅक आहे, रॅपमध्ये एकमेकांना धुतात तो," अभिषेक म्हणाला. "अठ्ठेचाळीस वर्षं चाललाय. असं कोणाचंच चालत नाही."

नरहररावांनी नातवाकडे पाहिलं, गोपालकडे पाहिलं, बैलांच्या पोटाखालच्या पोरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. सुहासिनीबाईंना वाटलं ते देवाचं नाव घेत आहेत. नीट ऐकलं तर ते पाठ करत होते.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

गावानं पुन्हा म्हटली. दुसऱ्या खेपेला नरहररावांनी पायानं ठेका धरला. तिसऱ्या खेपेला ते स्वतः म्हणू लागले. 'लांब केसाचा पोट्टा' म्हणताना त्यांनी टकलावरून हात फिरवला आणि आखर खदखदला. मग त्यांनी 'थांबा, थांबा' म्हणून सगळ्यांना थांबवलं आणि 'कोनी देईना दाद' इथे ताल घसरतो असं सांगितलं. किसनराव उठले, एकाच्या गळ्यातला ढोल काढून आपल्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "सरक. तुले तवाई ताल समजत नोता." ढोल लागला. तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल घरोघर निघाले. लोक झडती म्हणतच मागे चालू लागले.

घराच्या दारात किसनरावांनी अक्षत घेतली आणि कपाळाला लावली. "येतो. वाजवतोई. पन होम भटजीलेच पेटवू देजो."

पंगत बसायला वेळ होता. सुहासिनीबाई पडवीत एकट्याच उभ्या होत्या. नरहरराव त्यांच्याजवळ आले. घाम आला होता, सदरा गुलालानं माखला होता. इतक्या आनंदात त्यांना कधी पाहिलं होतं ते सुहासिनीबाईंना आठवेना.

"पोरं मला हात लावून पाहत होती, सुहास," ते म्हणाले. "खरा आहे का म्हणून."

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

नरहरराव त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांना काहीतरी उमगत होतं. "तू रडलीस, पण दचकली नाहीस. तुला माहीत होतं हे?"

"हो."

"केव्हापासून?"

"बावीस वर्षं झाली. तुम्हाला सोसणार नाही असं वाटलं मला. तुमच्यासाठीच लपवलं."

घरातून इंदूबाई पानं मांडल्याचं सांगत होती. रस्त्यावर अजून झडती चालू होती, नवी ओळ पोरांनी एव्हाना पाठ केली होती. नरहरराव ती संपेपर्यंत ऐकत राहिले. ते रागावले असते तर सुहासिनीबाईंनी सोसलं असतं.

"बावीस पोळे बुडवलेस माझे," ते म्हणाले.